हौदाचे पाणी आणि मिशनचा चहा

मागच्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेचा इतिहास शिकवीत होते. अस्पृश्यतेचा विषय निघाला तेव्हा मुलांना सहज विचारले, की तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपात देतात? वर्ग क्षणभर गप्प झाला. मग पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, त्यांचा कप वेगळा असतो. पण त्याचा जातीशी काही संबंध नाही. ती एक सवय आहे. ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे तो. त्याचा इतिहासाशी काय संबंध?"

मुलगी प्रामाणिक होती. तिने कप लपविला नाही, हेही काही कमी नाही. मी उत्तर देऊ लागले आणि तास संपल्याची घंटा झाली. ते उत्तर अर्धे राहिले. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे.

नीती हा शब्द आपण मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवतो. खून, चोरी, लाच, व्यभिचार यांविषयी बोलताना आपल्याला नीती आठवते. ओट्यावरचा कप, नळावरची बादली, उंबरठ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपला यांना आपण 'सवय', 'रीत', 'स्वभाव' अशी साधी नावे देतो. साधी नावे दिली की त्यांची चौकशी करण्याची गरज उरत नाही. पण या देशात कोट्यवधी माणसांचे माणूसपण नाकारले गेले ते खुनाच्या मार्गाने थोडे आणि सवयीच्या मार्गाने फार. सवयीला इतिहास असतो. पुण्यासारख्या शहरात तर तो पेठापेठांतून चालत जाऊन पाहता येतो.

१

माझे बालपण लोहियानगरात गेले. तिथून जोतीराव फुल्यांचा वाडा जवळ आणि गुरुवार पेठेतले पंचहौद मिशनही जवळ. लहानपणी या दोन्ही जागा माझ्या लेखी फक्त रस्त्यावरच्या खुणा होत्या. आई सकाळी कामाला जाई तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत जात असे. आई चार घरची धुणीभांडी करी. त्यांतल्या एका घरी खिडकीच्या कठड्यावर एक कानतुटका कप उपडा घातलेला असे. आई भांडी घासून झाली की तो कप स्वतःच सरळ करून पुढे धरी. वरून चहा ओतला जाई. आई मोरीपाशी बसून चहा पिई, कप विसळी आणि पुन्हा कठड्यावर उपडा घाली. या सगळ्या व्यवहारात कोणी एक शब्द बोलत नसे. त्या घरातल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला जुनी पुस्तके दिली, परीक्षेच्या आधी पेन दिले. त्या पेनाने मी पेपर लिहिले. पण कप कठड्यावरच राहिला.

माझी आजीही हेच काम करीत असे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्या संपात आजी होती. ती त्या दिवसांविषयी मोठ्या अभिमानाने बोले. तिच्या बोलण्यात पगार येई, हक्काची सुट्टी येई, बायांचे मोर्चे येत. कप मात्र कधी आला नाही. मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "पगाराचं भांडता येतं गं. कपाचं काय म्हणून भांडायचं?" घरकामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. संपापासून कायद्यापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. परंतु कायद्याला मोजता येते ते वेतन. कपातला अपमान कुठल्या रकान्यात भरायचा?

आजीच्या या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी इतिहासाकडे वळले, असे म्हटले तर ते अगदी खोटे होणार नाही.

२

पुणे हे हौदांचे शहर होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळातून शहरात आणले गेले. शनिवारवाड्यात ते खेळले, सरदारांच्या वाड्यांतून फिरले आणि पेठांतल्या हौदांत येऊन पडले. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. या जलव्यवस्थेचे कौतुक करणारे लेख आपण पुष्कळ वाचतो, आणि बांधकाम म्हणून ते कौतुक योग्यच आहे. पण उताराने येणारे पाणी जातीच्या वेशीपाशी थांबत होते, हे त्या कौतुकात सांगितले जात नाही. महार-मांगांना हौदाला हात लावता येत नव्हता. कोणी तरी वरून ओतील तेव्हा ओंजळ धरायची. ओतणाऱ्याची मर्जी नसली तर तहानलेले परत जायचे. माझ्या आईने कप पुढे धरावा आणि वरून चहा ओतला जावा, ही 'सवय' कुठून आली असे त्या विद्यार्थिनीने विचारले, तर मी तिला या हौदांपाशी नेईन.

पेशवाईतले पुणे अतिशूद्रांना कसे दिसत होते याची साक्ष पुण्याच्याच एका मुलीने दिली आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराच्या शिराचे गुलटेकडीच्या मैदानात काय होत असे, ते तिने लिहिले आहे. आज गुलटेकडी म्हटले की मार्केट यार्डातल्या भाजीपाल्याच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. मुक्ताने त्याच नावाखाली वेगळा इतिहास नोंदवून ठेवला. धर्मग्रंथांवर ज्यांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्नही तिने त्या वयात विचारला. म्हणजे शाळेत आलेल्या पहिल्याच पिढीच्या मुलीने नीतीचा प्रश्न थेट धर्माला विचारला होता. या निबंधातली आणखी एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

निबंध छापून आला त्यानंतर तेरा वर्षांनी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही घटना आपल्या सर्वांना पाठ आहे, आणि पाठ असल्यामुळेच आपण तिच्यावर विचार करीत नाही. जोतीराव अस्पृश्यांसाठी वेगळा हौद बांधून देऊ शकत होते. ते बांधकामाच्या कंत्राटांत वावरणारे गृहस्थ होते. त्यांना ते अवघड नव्हते. तसे केले असते तर पुण्यातल्या अनेक उदार सज्जनांनी त्यांची पाठ थोपटली असती. तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म धर्मालाही मान्यच आहे. पाणपोया या देशात कधी कमी नव्हत्या.

जोतीरावांनी पाणपोई घातली नाही. ज्या हौदातून त्यांच्या घरातले पाणी भरले जात होते, त्याच हौदात महार-मांगांच्या घागरी बुडू दिल्या. एका बाजूला पुण्य आहे, दुसऱ्या बाजूला वर्तन आहे, आणि दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुण्य करणारा वरून ओततो आणि आपल्या जागी राहतो. वर्तन बदलणाऱ्याला आपली जागा सोडावी लागते. हौद खुला केल्यावर जोतीरावांचे पिण्याचे पाणी समाजाच्या दृष्टीने बाटले होते. ते पाणी ते रोज प्यायले आणि सावित्रीबाई रोज प्यायल्या. घरातले पाणी भरणे, गाळणे, स्वयंपाकाला घेणे हे बाईचे काम असल्यामुळे हौद खुला करण्याचा निर्णय रोज अमलात आणणाऱ्या सावित्रीबाई होत्या, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. पुढे १८९७ च्या प्लेगात त्यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्यातच लागण होऊन १० मार्च रोजी त्या वारल्या. ज्या शहरात सावलीचा विटाळ मानला गेला, त्या शहरात त्यांनी ते मूल अंगाला बिलगून घेतले. हौदापासून या मुलापर्यंत एकच वर्तन सरळ चालत आलेले दिसते.

३

आता फुलेवाड्यापासून चालत पंचहौद मिशनकडे येऊ. आवारातल्या पाच हौदांवरून त्या जागेला हे नाव पडले. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात या मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे ठेवली. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचारापुरता हातात घेऊन खाली ठेवला. मंडळी घरी गेली. गोष्ट इथेच संपायची, पण गोपाळराव जोशी यांनी तिथे हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करविली आणि शहरात वणवा पेटला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा ब्राह्मणांनी घेतला! ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, आणि १८९२ पर्यंत त्याचा खल चालला. श्राद्ध-पक्षाला भटजी मिळेना, लेकी-सुनांची माहेरी-सासरी जाण्यायेण्याची पंचाईत झाली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. आपल्या स्नेह्यांची कुचंबणा त्यांना पाहवली नाही, असे रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींवरून दिसते.

रानड्यांविषयी मी हलकेपणाने लिहू इच्छीत नाही. १८७५ साली दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीला सनातन्यांनी विरोध केला तेव्हा रानड्यांच्या विनंतीवरून जोतीराव आपली माणसे घेऊन संरक्षणाला गेले होते. दोघे एका मिरवणुकीत चालले आहेत. रानडे विद्वान होते, मनाने निर्मळ होते, जातिभेद अनिष्ट आहे हे त्यांना बुद्धीने पटलेले होते. मग चहाच्या एका पेल्यापाशी हे सारे का लटपटले?

माझ्या मते याचे कारण असे, की त्यांची नीती विचारात होती, वर्तनावरचा अधिकार मात्र त्यांनी जातीकडे राहू दिला होता. काय विचार करावा हे रानडे ठरवीत. काय प्यावे हे जात ठरवी. विचार आणि वर्तन यांच्यात असा सोयीचा वाटा पाडला की माणूस चांगलाही राहतो आणि जातीतही राहतो. आपल्या सुशिक्षित समाजात हा वाटा आजही तसाच चालू आहे.

प्रायश्चित्त या गोष्टीकडेही नीट पाहायला हवे. पश्चात्ताप झालेल्या माणसाने चूक सुधारावी, हा त्याचा अर्थ येथे नव्हताच. चहा प्यायल्याने ज्याचे काही नुकसान झाले असा एकही मनुष्य पुण्यात नव्हता. नुकसान झाले होते ते नियमाचे. नियमाचे देणे काही विधी आणि काही दक्षिणा देऊन फेडता येते. फेडले की खाते बंद. दुसऱ्या दिवशी माणूस जसा होता तसा. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत जो फरक केला आहे, तो इथे लख्ख दिसतो. नियम पाळणाऱ्याला सांगितलेले करायचे असते. तत्त्व मानणाऱ्याला स्वतः विचार करून जबाबदारी घ्यावी लागते. जो धर्म नुसता आज्ञांचा आणि मनाईंचा गठ्ठा होतो, त्यात जबाबदारी मरते, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन होते. मिशनच्या चहाचे प्रकरण म्हणजे त्याचा पुण्याने आधीच लिहून ठेवलेला पुरावा आहे.

आणि कालगणना पाहा. ऑक्टोबर १८९० मध्ये तो चहा प्यायला गेला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी, त्या मिशनपासून जवळच, जोतीराव वारले. शेवटची दोन-अडीच वर्षे त्यांचे उजवे अंग पक्षाघाताने गेले होते. डाव्या हाताने लिहायला शिकून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाले. 'पुणे वैभवा'तल्या यादीने पेटलेला वाद शहरात चालू असताना, पेठेच्या दुसऱ्या टोकाला नीतीविषयीचे हे पुस्तक छापून येत होते. त्या पुस्तकात जोतीरावांचा आवडता शब्द आहे 'सत्य वर्तन'. देव, स्वर्ग, जप, अनुष्ठान हे सारे बाजूला सारून ते विचारतात, की माणूस माणसाशी कसा वागतो? आणि प्रत्येक ठिकाणी स्त्री आणि पुरुष अशी दोघांची नावे घेऊन विचारतात. नीती म्हणजे वागणूक, आणि वागणूक म्हणजे समोरच्या माणसाला आपल्या बरोबरीचा हक्क देणे. या एका वाक्यात त्यांचे सारे म्हणणे मला समजते. जोतीरावांच्या नीतीत प्रायश्चित्ताला जागाच नाही. कारण तिथे खाते कधी बंद होत नाही. हौद आज खुला केला म्हणून उद्या त्याला झाकण घालायची मुभा मिळत नाही.

४

पाणी आणि चहा यांचा हा इतिहास पुण्यापुरता राहिला नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य नोकराला पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले, आणि स्वतः तिथे जाऊन, बरोबरच्या सवर्ण मंडळींना घेऊन चहा प्यायले. मिशनचा चहा पिणाऱ्यांनी तो लपवावा की कबूल करावा याचा खल केला. शाहूंनी अस्पृश्याच्या हातचा चहा भर रस्त्यावर, सर्वांना दिसेल असा घेतला. राजाने गुन्हेगारांना नुसती शिक्षा केली असती तरी न्याय झाला असता. पण त्यांनी आपली गाडी रोज ज्या बाजूने जाई तिकडचे वर्तनच बदलून टाकले.

महाड तर सर्वांना ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते, आणि या दोहोंमध्ये 'सवय' उभी होती. अस्पृश्यांनी पाणी प्यायल्यावर सवर्णांनी गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले. माणसाने चहा प्यायला की माणसाला प्रायश्चित्त, तळ्याला माणूस शिवला की तळ्याला प्रायश्चित्त. नियमाची बुद्धी ही अशी असते. त्याच महाडला डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायांना नेसण्याविषयी, राहणीविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी समजावून सांगितले. एका हाताने ग्रंथ जाळणारा हा नेता दुसऱ्या हाताने रोजच्या जगण्याची घडी घालून देत होता. त्यांच्या लेखी ही दोन कामे वेगळी नव्हती.

पुण्याने या काळात काय केले? १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदी पुढारी होते, काही सवर्ण तरुणही सामील झाले होते. पर्वतीच्या पायऱ्यांवर सत्याग्रहींना दगड मिळाले. शहर विद्येचे होते, सभांचे होते, वृत्तपत्रांचे होते. पण पायरीवर पाय पडताच या शहराच्या हातात दगड आला.

स्वातंत्र्य आले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्या आचरणाला शिक्षा ठरविणारा कायदा झाला. खडकवासल्याचे पाणी लोखंडी नळांतून घरोघर आले. नळाला जात नसते, पण नळावरच्या बादल्यांच्या रांगेला ती होती. आणि ज्यांच्या घरातच नळ आला त्यांना रांगेत उभे राहावेच लागले नाही. २०१७ साली याच पुण्यात एका उच्चविद्याविभूषित शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकाच्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदविली. जात लपवून त्यांनी सोवळ्यातला स्वयंपाक केला, असा आरोप होता. गदारोळ झाला, तक्रार मागे घेतली गेली. ज्यांनी अन्न शिजविले त्या बाई अस्पृश्य मानलेल्या जातीच्याही नव्हत्या. मिशनच्या चहानंतर सव्वाशे वर्षे उलटली होती. बदल एवढाच झाला होता, की शंकराचार्यांऐवजी पोलीस चौकीत फिर्याद गेली.

५

येथपर्यंत लिहून मी थांबले असते तर हा लेख सुखाचा झाला असता. आपण सारे एका बाजूला आणि ते सारे दुसऱ्या बाजूला. पण मुक्ता साळवे मला थांबू देत नाही.

वर म्हटले होते की तिच्या निबंधातली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. ती गोष्ट अशी, की सोवळ्याची ही बाधा महारांनाही झाली आहे, तेही मांगांना आपल्याहून नीच समजतात, मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात, असे तिने स्पष्ट लिहिले आहे. आम्ही पूर्वाश्रमीचे महार. मुक्ताचा निबंध मी पहिल्यांदा सभेत ऐकला तेव्हा ब्राह्मणांविषयीच्या वाक्यांवर टाळ्या पडल्या. हे वाक्य वाचले गेले की गाळले गेले ते मला आठवत नाही. पण त्यावर टाळी पडली नाही एवढे आठवते.

लोहियानगरात आमच्या शेजारी एक मातंग कुटुंब होते. त्या घरच्या मावशींनी माझ्या धाकट्या भावाचे आजारपण आईच्या बरोबरीने काढले. दिवाळीला त्या ताट भरून फराळ आणून देत. आजी ताट हसून घेई, मावशींशी दोन शब्द बोले, आणि त्या गेल्यावर फराळ बाजूला ठेवी. आम्ही पोरांनी हात घातला तर हातावर फटका बसे. त्यांच्या घरी गेले तर पाणी मागायचे नाही, ही ताकीद होती. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. आजीला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. सर्व मानव समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा ती तसबिरीसमोर हात जोडून म्हणे. ती ढोंगी नव्हती. तिने उपास सोडले होते, देव्हारा सोडला होता, संपात लाठ्यांना भ्यायली नव्हती. पण फराळाचे ताट तिला ओलांडता आले नाही. रानड्यांना चहाचा पेला ओलांडता आला नाही, तसेच. मी त्या वेळी दहावीत होते, सारे कळत होते. मी आजीला एकदाही विचारले नाही. मावशी वस्ती सोडून गेल्या तेव्हा त्यांच्या घरचे पाणी न पिता त्यांना निरोप देणाऱ्यांत मीही होते. आजीविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे तो एवढ्यासाठीच.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. मला नोकरी लागली, मी धनकवडीत दोन खोल्यांचे घर घेतले. नोकरी, पेपर तपासणी, लहान मूल यांत जीव मेटाकुटीला येई म्हणून भांड्यांना एक ताई ठेवल्या. मोलकरणीच्या मुलीने मोलकरीण ठेवली, याचा मला संकोच वाटला. म्हणून मी त्यांना चांगला पगार दिला, आठवड्याची सुट्टी दिली, 'अहो ताई' म्हटले. एकदा आई राहायला आली होती. ताई चहा पिऊन गेल्या. आईने ओट्याच्या कडेला ठेवलेला कप उचलला आणि विचारले, "हा ह्यांचा वेगळा ठेवलायस का गं?"

मी म्हणाले, "वेगळा असं नाही. तो जुना आहे, हाताशी असतो. सोयीचं पडतं."

आई कप विसळत म्हणाली, "त्यांनाही सोयीचंच पडायचं."

बाकी काही बोलली नाही. मी तो कप कधी वेगळा काढून ठेवला ते मला खरोखर सांगता येत नाही. मी तसे ठरविले नव्हते. जात मी मानीत नाही. त्या ताईंची जात मी विचारलेली नाही. तरीही रोज तोच कप त्यांच्या हातात जात होता आणि त्या तो विसळून पुन्हा त्याच जागी ठेवीत होत्या. एक शब्द न बोलता. अगदी माझ्या आईसारख्याच. 'सवय आहे, जातीशी संबंध नाही' असे माझ्या विद्यार्थिनीने म्हटले तेव्हा मला घंटा होईपर्यंत उत्तर सुचले नाही, त्याचे कारण हे होते. तिचे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात आधी बोलून बसले होते.

६

तेव्हा तिला काय सांगायचे?

हे सांगायचे, की ज्या कृतीचा आपण निर्णय घेतल्याचे आपल्याला आठवत नाही, तिचा निर्णय दुसऱ्या कोणी तरी आपल्या आधी घेऊन ठेवलेला असतो. सवय म्हणजे विसरलेला इतिहास. पेशवाईने घेतलेला निर्णय आपल्या ओट्यापर्यंत येतो, तो सोयीच्या नावाने येतो. म्हणून आपल्या हेतूची शुद्धता हा बचाव होऊ शकत नाही. रानड्यांचा हेतू शुद्ध होता, आजीचा होता, कठड्यावर कप ठेवणाऱ्या बाईंचाही बहुधा असेल, माझाही होता. नीतीची परीक्षा हेतूत होत नाही. समोरच्या माणसाच्या हातात शेवटी काय पडले, त्यात होते.

आणखी हे सांगायचे, की हे लक्षात आल्यावर प्रायश्चित्त घेऊ नकोस. आपल्या चळवळीतही प्रायश्चित्ताच्या नव्या तऱ्हा निघाल्या आहेत. जयंतीला भाषण करायचे, तसबिरीला हार घालायचा, लेखात कबुलीजबाब द्यायचा आणि मोकळे व्हायचे. हा लेखही तसाच एक विधी होऊ शकतो, याची मला जाणीव आहे. घरी आता सगळे कप एकसारखे आहेत, आणि ताई कोणताही उचलतात. त्यात सांगण्यासारखा मोठेपणा काहीच नाही. सहा कप बाजारात सहज मिळतात. अवघड आहे ते पुढचे. ताई अजून चहा उभ्यानेच घेतात. "बसा ना" म्हटले तर "बरं आहे असंच" म्हणतात. खुर्ची रिकामी असते. माझ्या आजीने ज्यांच्या घरचे पाणी आम्हाला पिऊ दिले नाही, त्या मावशींचा पत्ता मी काढला आहे. पुढच्या महिन्यात आईला घेऊन जाणार आहे. त्या पाणी देतील की नाही, हे आता त्यांनी ठरवायचे आहे.

यंदा मुलांची सहल मी लांब कुठे नेणार नाही. फुलेवाड्यातून निघायचे, गुरुवार पेठेतल्या मिशनपर्यंत चालत जायचे, आणि तिथून मुलांना आपापल्या घरी पाठवायचे. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात उभे राहून पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे. ती मुलगी आता तृतीय वर्षाला आहे. तिने सहलीला नाव दिले आहे.